छोट्या रेल्वेसाठी मोजलेली टाकी

मोखाड्याला मी गेले ती रागाने. निसर्ग बघायला नाही, धबधबे बघायला तर नाहीच. ते फाल्गुनात कोरडेच असतात.

आधी थोडी ओळख. मी नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते आणि घरी, मागच्या खोलीत, छोटी रेल्वे चालवते. खरीच्या सत्त्याऐंशीपट लहान. रूळ, इंजिनं, सिग्नल सगळं आहे. माझी गाडी नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हारमार्गे खाली डहाणूला उतरते. या मार्गावर आज रूळ नाही, म्हणून मी घरात टाकला. अडचण इमारतींची. बाजारात तयार मिळतात ती युरोपातली चर्चं आणि बर्फ पडलेली कौलारू घरं. आपल्याकडचे हौशी लोक बनवतात ती इंग्रजांच्या काळातली दगडी स्टेशनं. आजचं खेडं कुणीच बनवत नाही. मला हवी होती ती आजची मोखाडा-जव्हारची बांधकामं: ग्रामपंचायत, मोबाइल टॉवर, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी.

हे मी आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, तर एका अनुभवी गृहस्थांनी कळवलं की त्या भागात कसली आलीयत आधुनिक बांधकामं, चार झोपड्या ठेवा, दोन बायका डोक्यावर हंडे घेतलेल्या ठेवा, छान दिसेल. खाली सातजणांनी पसंतीचे अंगठे टाकले. मी फोन उलटा ठेवला आणि ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली.

नाशिकहून सकाळी सहाला निघाले. त्र्यंबकपर्यंत रस्ता झकास. पुढे आंबोलीचा (त्र्यंबकजवळची आंबोली, कोकणातली नव्हे) घाट उतरताना वळणं तीव्र आहेत, आणि ट्रकवाले हॉर्न न देता येतात, तेव्हा घाई करू नका. पेट्रोल त्र्यंबकलाच भरून घ्या. फोनची रेंज घाटात जाते आणि लहर फिरेल तशी येते. मोखाड्यात नाश्ता केला: मिसळ आणि दोन चहा, शंभरच्या आत. समोरच पंचायत समितीचा परिसर, मोबाइलची दुकानं, झेरॉक्स, गॅस एजन्सी, बँक, निळ्या पत्र्याची दोन मजली शेड. त्या गृहस्थांच्या चार झोपड्या मला कुठे दिसल्या नाहीत. जव्हारला पोचेपर्यंत माझ्या वहीत अकरा बांधकामांची मापं होती. मुक्काम बाजाराजवळच्या साध्या लॉजवर. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीतून, भाडं आठशे. जेवायला नाचणीची भाकरी मागा, ती मेनूकार्डावर नसते.

जव्हारला मला पत्रा हवा होता. माझ्या मापाचा नालीदार पत्रा विकत मिळत नाही, पातळ पत्र्याला दाब देऊन तो करून घ्यावा लागतो. लॉजवाल्याने युनूसभाईंकडे पाठवलं. हे नाव मी बदललंय, कारण पुढे कळेल. त्यांच्या वडिलांचं दुकान ट्रंका आणि कोठ्या बनवण्याचं. ते स्वतः आता शटर, ग्रिल, शिड्या करतात. मी काय सांगतेय ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खेळणं आहे का, असं विचारलं नाही. कसली टाकी बनवणार, एवढंच विचारलं. पाड्यावरची नवी सरकारी टाकी, मी म्हटलं. त्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. मग सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्याचं नाव सांगितलं. तिथली टाकी नवी आहे, उघड्यावर आहे, फोटोला बरी पडेल, असं म्हणाले. पत्रा परवा सकाळी घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी परत मोखाड्याकडे येऊन खोडाळ्याच्या रस्त्याने सूर्यमाळ गाठलं. हा रस्ता सुंदर आहे. खूप उंचावर जातो, पळस फुललेले, मोहाखाली बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. तिथून पुढे पाड्याकडे जाणारा फाटा लागला आणि डांबर संपलं. छोटी गाडी असेल तर फाट्यावरच ठेवा आणि अर्धा तास चाला. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

टाकी लांबूनच दिसली. टेकाडावर गोल, पांढरी, निळा पट्टा मारलेली, शेजारी योजनेचा फलक. मला एकदम आनंद झाला. अगदी हीच हवी होती. प्रत्येक घरासमोर सिमेंटच्या ठोकळ्यावर एकेक नळसुद्धा होता. मी वही काढली, फलकावरचा मजकूर उतरवून घेतला. क्षमता चाळीस हजार लिटर.

पाड्यात पुरुष जवळपास नव्हतेच. ते वीटभट्ट्यांवर गेलेले, पावसाच्या तोंडावर परततात. पन्नाशीच्या एक बाई जवळ आल्या. मथुराबाई. आधी मला त्या मापं घेणारी साहेबीण समजल्या. मी साहेबीण नाही, घरी छोटी रेल्वे करते, तिच्यासाठी टाकी करायचीय, असं समजावून सांगितलं. त्यांनी सरळ विचारलं, तुमच्या रेल्वेतल्या टाकीत पाणी असतं का. नसतं, म्हटलं. मग बरोबर आहे, म्हणाल्या. हीच करा.

पाणी कधीच आलं नव्हतं. नळ बसले, फोटो निघाले, माणसं गेली. पाणी अजून खालच्या विहिरीवरूनच येतं. जायला वीस मिनिटं, भरलेले हंडे घेऊन चढायला जास्त. ते सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. चढला तो माझा. कुणाकडे तक्रार केली का, अर्ज दिला का, असं मी तावातावाने विचारत सुटले. त्यांनी तीन अर्ज दिले होते. पाइपलाइनचं काम प्रगतिपथावर आहे, असं उत्तर आलं होतं.

मी टेप काढली. मथुराबाईंनी टेपचं टोक धरलं आणि आम्ही टाकीला वळसा घातला. बारा मीटर चाळीस. शिडीने वर चढले, जास्तीचं पाणी बाहेर पडायच्या ओव्हरफ्लोच्या भोकात काडी घालून भिंतीची जाडी घेतली, पंधरा सेंटिमीटर. झाकण उघडंच होतं. टेपला दगड बांधून आत सोडला: खोली दोन मीटर साठ. दगड पडल्याचा आवाज लाकडावर आपटल्यासारखा आला म्हणून फोनचा दिवा आत मारला. सेंट्रिंगच्या फळ्या. स्लॅब ओतताना खालून जो लाकडी आधार देतात, त्यातल्या काही फळ्या काढल्याच नव्हत्या, काही तळाशी पडलेल्या, त्यांच्यावर सुकी पानं. या टाकीत पाणी सोडायचा विचार कुणी कधी केलेलाच नव्हता.

खाली उतरून सवयीने गणित मांडलं. नकाशे काढणाऱ्या माणसाचा हात आपोआप चालतो. एकदा मांडलं, पुन्हा मांडलं. काठोकाठ भरली तरी सत्तावीस हजार लिटर. चाळीस हजार होण्यासाठी टाकी एक मीटर वीस सेंटिमीटर आणखी उंच हवी. तेवढी उंची बांधलीच नव्हती, फक्त फलकावर होती.

मला त्या बिनपाण्याच्या टाकीपेक्षाही तो फलक असह्य झाला. इथे कोण मोजायला येणार, या खात्रीनेच तो आकडा रंगवलेला होता. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांची आणि हा फलक लावणाऱ्यांची खात्री एकाच जातीची. इथे काही नसतं, आणि असलं तर कोण बघतं.

मी मथुराबाईंना आकडे सांगितले. त्यांनी आणखी चार बायकांना बोलावलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. हंड्यांच्या हिशेबात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साडेआठशेपेक्षा जास्त हंड्यांची जागा या टाकीत कमी होती. मग मथुराबाई म्हणाल्या,

"हे कागदावर लिवून द्या, ताई. खाली सही करा. आमी बोलतो ते कोन ऐकत नाय. आकडा ऐकतात."

इथे खरं सांगितलंच पाहिजे. मी कचरले. आमच्या ऑफिसाकडे सरकारी कामं असतात. मी इंजिनिअर नाही, माझ्या सहीला अधिकार नाही, वगैरे बोलू लागले. मघाशी अर्ज केला का म्हणून त्यांना झापणारी मी. मथुराबाई ऐकत होत्या, आणि माझं संपल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "पन मोजलं तर तुमीच ना?"

मी वहीचं पान फाडलं. कुठून कुठे मोजलं, काय माप आलं, गणित कसं केलं, सगळं ओळीने लिहिलं. खाली नाव, सही, तारीख. त्याखाली मथुराबाईंसकट पाच बायकांची नावं. तिघींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे. त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली. प्यायला पाणी दिलं, ते मी दोनच घोट घेतलं. तेही त्यांच्या लक्षात आलं. प्या, म्हणाल्या, पाहुण्यापुरतं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रा घ्यायला युनूसभाईंकडे गेले. पत्रा सुरेख झाला होता, नाल्या एकसारख्या. टाकीबद्दल त्यांनी विचारलं नाही, पण मी सगळं सांगितलं. ते उठले, शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या भंगारातून लोखंडी शिडीचा एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. चार पायऱ्या, मीटरच्या वर.

ती शिडी त्यांनीच केली होती. नकाशात होती तेवढी, पूर्ण उंचीची. बसवायला गेले तेव्हा ती टाकीच्या वर आभाळात गेली. कापून टाक, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी कापली. या गावात मला काम करायचंय, ते म्हणाले, मी कुठे बोलू शकलो नाही. पण हा तुकडा भंगारात विकायला हात धजला नाही. मला त्या टाकीकडे का पाठवलं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आप नापने वाले थे ना. मला वाटलं, एकाने तरी नीट मोजावी."

त्या तुकड्याचा मी फोटो घेतला, दुकान दिसणार नाही असा. तो बारका पत्रा शेजारच्या सीटवर ठेवला आणि नाशिकचा रस्ता धरला. प्रवासाचा एकूण खर्च, दोन रात्रींचं भाडं, जेवण आणि पेट्रोल धरून, चार हजारांच्या आतबाहेर. जव्हारचा हनुमान पॉइंट, राजवाडा, दाभोसा धबधबा यांची माहिती दुसऱ्या ब्लॉगांवर भरपूर मिळेल. मी गेले नाही.

पुढचं फोनवर कळत गेलं. ग्रामसभेत तो कागद वाचला गेला. ही बाई कोण, तिला मोजायचा काय अधिकार, असं विचारण्यात आलं. मथुराबाईंनी उत्तर दिलं की तिचं राहू द्या, तुम्ही मोजा. सगळ्यांसमोर मोजावी लागली. दोन मीटर साठच भरली. मला वाटलं, आता हलतील. आठ दिवसांनी रंगाचा डबा घेऊन एक माणूस आला, आणि त्याने फलकावरचे चाळीस खोडून तिथे पंचवीस रंगवले.

हे ऐकलं त्या दिवशी ऑफिसात माझ्याकडून एकही सरळ रेघ निघाली नाही. टाकी लहान होती, तर त्यांनी आकडा लहान केला. पण पाड्यातल्या बायकांनीही एक गोष्ट केली. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर गावाच्या सह्या लागतात, त्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही; त्या सह्या त्यांनी दिल्या नाहीत. फळ्या निघाल्या आहेत, पाइपचा चर खणायला सुरुवात झाली आहे. पाणी अजून आलेलं नाही. हे लिहितेय तेव्हाही ते विहिरीवरूनच येतंय.

टाकीचं मॉडेल मी पूर्ण केलं. साडेचार सेंटिमीटर रुंद, खऱ्या मापाची, कापलेल्या शिडीसकट. ग्रुपवर फोटो टाकला तर त्या गृहस्थांनी लिहिलं, छान, पण उंचीला जरा बुटकी वाटते. मी त्यांना पाड्याचा पत्ता कळवला आणि जाऊन मोजून या म्हटलं. अजून उत्तर नाही.

मागच्या महिन्यात मथुराबाईंनी माझ्याकडे आहे तशी एक टेप मागवली. मी तीस मीटरची, चांगली, एसटीच्या पार्सलने पाठवली. परवा त्यांचा फोन आला. टेप पोचली का विचारलं. पोचली, म्हणाल्या, पाड्याचा रस्ता मोजला, शाळेची नवी खोली मोजली, दोन्हीकडे फलक आहेत. मग काय निघालं, मी विचारलं.

"वही घ्या," त्या म्हणाल्या. "लांब सांगायचंय."