बाळंतिणीच्या खोलीतली बंद खिडकी

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलेलं लगेच लिहितेय.

बाळंतपणाला मी मालवणला माहेरी आलेय. लेक अजून सव्वा महिन्याची नाही. तिला वारा लागू नये म्हणून आईने आम्हाला दिलेल्या स्वतःच्या खोलीची खिडकी लावून फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्यात. आपल्याकडे असंच करतात, म्हणून मीही काही बोलले नाही.

माझा दादा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात त्याने तिथलं हवा तपासायचं एक यंत्र सहज म्हणून आमच्या खाटेखाली ठेवलं होतं. आज दुपारी त्यातला आकडा बघून त्याचा चेहराच उतरला. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू फरशीच्या भेगांतून घरात येतो म्हणे. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठत जातो आणि पुढे फुफ्फुसाचा कॅन्सरही होऊ शकतो.

मी बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं. दादा खिडकीकडे धावला, तर आई आडवी आली.

"उघडू नको रे! वारो लागात बाळाक."

"आई, थोड्या दिवसांत बाळाक काय होवचा नाय. वर्सानुवर्सा असा निजला तर भय. भेगा बुजवूया, पण आधी वारो येवंदे."

आईने स्वतःच चिंध्या ओढून काढल्या. मग खाटेवर बसली आणि हळूच म्हणाली, "मी लगीन झाल्यापासून ह्याच खोलयेत निजतंय रे."

दादाने खिडकी सताड उघडली.

तुमची आई कुठल्या खोलीत झोपते? तिथली खिडकी शेवटची कधी उघडली होती?