थोरलीचा डावा पाय

आमच्या समोरच्या दुमजली घरात दोन जावा राहतात. थोरली खाली, धाकटी वर. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत थोरलीचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर दुहेरी घातलेलं ब्लँकेट, कपड्यांची गाठोडी आणि ती स्वतः. तीस वर्षं ती त्या टेबलामागे उभी होती. बसून इस्त्री करणाऱ्यांबद्दल तिचं मत फार वाईट होतं.

या दोघींची अकरा वर्षं बोलाचाल नव्हती. कारण, कुकरची शिट्टी. धाकटीने कुकर मागून नेला आणि परत आला तेव्हा त्याला शिट्टी नव्हती. थोरली म्हणाली, मी शिट्टीसकट दिला होता. धाकटी म्हणाली, शिट्टी आलीच नव्हती. पुढे कुकर मोडीत गेला, भांडण मात्र टिकलं. एकमेकींना काही सांगायचंच झालं तर थोरली दोरीवरच्या कपड्यांना सांगायची, "काही लोकांना नळ नीट बंद करता येत नाही." वरून धाकटी कुंडीला उत्तर द्यायची, "काही लोकांना दुसऱ्यांचे नळ ऐकण्यापलीकडे उद्योग नाही." लेकी बोले सुने लागे, तशातला प्रकार. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकमेकांशी बोलत, पण दबक्या आवाजात.

पुढचं सगळं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आहे आणि दोन्ही हकिकती जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत, तिथे जिच्यात जास्त हसू येईल ती मी घेतली आहे.

एका सकाळी थोरली शर्टाला इस्त्री करत होती. शर्ट माझा होता. कॉलर धरलेला तिचा डावा हात सुटला. तिने पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिला हाताचा राग आला, त्याला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, तर शब्द बोबडे. मग डावा पायही सुटला आणि ती टेबलाच्या कडेने घसरत खाली बसली. इस्त्री शर्टावरच राहिली.

वर धाकटीला जळका वास आला. ती कठड्याशी येऊन कुंडीला म्हणाली, "आज काही लोक कपडे भाजून देणार वाटतं." खालून उत्तर नाही. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती अनवाणी धावत खाली आली, जावेचं एका बाजूला ओढलेलं तोंड बघितलं आणि ओरडली, "भावजी! गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता!" तेव्हाही ती थोरल्या दिराशीच बोलली, हे थोरली मला मुद्दाम सांगते.

मेंदूला झटका आला होता. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून थोरलीने भिंतीकडे तोंड केलं आणि जड जिभेने म्हणाली, "वास आला म्हणून आली."

दोन आठवड्यांनी ती घरी आली. बोलणं बरंचसं सुधारलं होतं, त्यामुळे घरात शांतता अशी नव्हतीच. डावा हात मात्र मांडीवर ठेवावा लागे आणि डावा पाय असून नसल्यासारखा. मग व्यायाम शिकवायला आठवड्यातून तीनदा एक फिजिओबाई येऊ लागली. वय पंचविशीचं, चण बारीक, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा.

"काकू, खुर्चीत पुढे सरका. पावलं मागे घ्या. नाक पावलांच्या पुढे येईल इतकं वाका आणि उठा."

"मी तीस वर्षं उभी आहे," थोरली म्हणाली. "तू जन्मायच्या आधीपासून उभी आहे. मला उभं राहायला शिकवतेस?"

"दाखवा ना मग."

थोरली उठली आणि एका बाजूची हवा गेलेल्या गाडीसारखी डावीकडे कलली. तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधला होता आणि तो मागून धरायचं काम तिच्या नवऱ्याकडे होतं. हे कचेरीतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन गृहस्थ. बायको कलताच त्यांनी घट्ट डोळे मिटले. तोल तिचा गेला, किंचाळले ते. फिजिओबाईने दोघांनाही सावरलं.

तीन दिवस हेच झालं. शेवटी फिजिओबाईने विचारलं, "घरात दुसरं कोणी आहे का? रोज दोन वेळा धरणारं? डोळे उघडे ठेवून?"

गृहस्थांनी हळूच छताकडे बघितलं. मग फिजिओबाईनेही छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली आली. कशी आली, कोणी सांगितलं, यावर दोन हकिकती आहेत. ती आली, तिने पट्टा धरला आणि खुंटीकडे बघून म्हणाली, "उठायचं असेल त्यांनी उठावं."

तिची पकड लोखंडी होती. थोरली कलली की एका झटक्यात सरळ व्हायची. व्यायाम सुरू झाले. खुर्चीतून उठबस. मग ओट्याला धरून टाचा वर करणं, वीसदा. ओट्याच्या कडेने खेकड्यासारखं आडवं चालणं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. पावलं जुळवून हात न टेकता उभं राहणं. आकडे मोजायचं काम धाकटीचं आणि तोंडाने मोजावंच लागत असल्यामुळे ते बोलण्यात धरायचं नाही, असं दोघींनी न बोलताच ठरवलं होतं.

पण मोजण्यातही माणूस दिसतो. "सतरा, अठरा, एकोणीस," धाकटी मोजायची, आणि मग, "सव्वाएकोणीस, साडेएकोणीस, पावणेवीस..."

चवड्यांवर थरथरत थोरली कपाटाला म्हणायची, "शाळेत घातलं असतं तर काही लोकांना वीस आला असता."

"घाईने टाच टेकवली, म्हणून साडे धरला," धाकटी बरणीला सांगायची. "वीस."

सगळ्यात अवघड होतं पाऊल उचलणं. डावं पाऊल पुढे टाकताना बोटं जमिनीला घासत. "गुडघा वर! अजून वर!" फिजिओबाई ओरडायची. थोरली पायाकडे बघत राहिली, आणि एकदा वैतागून म्हणाली, "उठ म्हटलं की ऐकू न आल्यासारखा पडून राहतो. अगदी माझा दीर."

तिचा दीर म्हणजे धाकटीचा नवरा. तो शीतगृहात पाळीवर काम करतो आणि घरी असला की झोपतो. मागे पट्टा हलायला लागला. फिजिओबाई घाबरून मागे धावली. धाकटी पट्टा दोन्ही हातांनी धरून, ओठ मिटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. त्या दिवसापासून डाव्या पायाचं नाव भावजी पडलं. "भावजींना उठवा," फिजिओबाईसुद्धा म्हणायला लागली.

तीन महिन्यांनी थोरली काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागली. चार पायांची ती काठी. दुकानाच्या दारातली एक पायरीही तिला शिकवून झाली होती, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. फिजिओबाई खूश होऊन धाकटीला म्हणाली, "खरं सांगू का, तुमच्यामुळे काकू उभ्या राहिल्या."

हे थोरलीला झोंबलं. फिजिओबाई जाताच ती नवऱ्याला, पण रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाय माझे, घाम माझा, आणि नाव दुसऱ्यांचं! पट्टा धरायला काय लागतं? खुंटीला अडकवला तरी चालेल."

धाकटीने पट्टा सोडवला, खुंटीला अडकवला आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गृहस्थांनी पुन्हा पट्टा धरला आणि पुन्हा डोळे मिटले. चौथ्या दिवशी दुपारी ते औषधं आणायला बाहेर पडले. जाताना बजावून गेले, "खुर्चीतून हलू नकोस." थोरली खुर्चीत बसून धुमसत राहिली. काय काय सुनवायचं हे मनात जुळवत गेली आणि जुळवलेलं इतकं चांगलं झालं की ते वाया घालवणं तिला जमेना. ती उठली.

जिना बाहेरून आहे. चौदा पायऱ्या आणि चढताना उजव्या हाताला कठडा. काठी तिने खाली टेकवून ठेवली. उजव्या हाताने कठडा धरला, उजवा पाय वर, मग "चला भावजी" म्हणत डावा. मी खिडकीतून बघत होतो. हाक मारली तर दचकेल म्हणून धावत खाली आलो, रस्ता ओलांडला, तोवर बाई वर पोचल्याही होत्या. थांबली ती फक्त दोनदा आणि दोन्ही वेळा वाक्य आठवायला, असं तिचं म्हणणं.

धाकटीने दार उघडलं.

"पट्टा खुंटीला अडकवून येतेस?" थोरली धापा टाकत म्हणाली. अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं सरळ वाक्य.

धाकटीने तिच्या पाठीमागे बघितलं. "कोणी आणलं तुम्हाला?"

"कोण आणणार? मी आले."

"एकट्या?"

"नाही, वाजतगाजत!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" धाकटी जी कडाडली, ती मला जिन्याच्या तळाशी स्पष्ट ऐकू आली. "पडला असता तर? परत कोण उचलणार होतं? तीन महिने माझ्या मनगटांची कणीक झाली, ती काय तुम्ही जिन्यात जीव द्यावा म्हणून?"

थोरलीचं जुळवलेलं सगळं विसकटलं. तरी ती मागे हटली नाही, आत शिरून खुर्चीत बसली. दहा मिनिटं दोघींनी एकमेकींना मनसोक्त ऐकवलं. नळ, शिट्टी, वाळत घातलेल्या चादरी, सासूने कोणाला जास्त जीव लावला, काही शिल्लक ठेवलं नाही. आतल्या खोलीत भावजी, म्हणजे खरे भावजी, झोपेतच कुशीवर वळले.

सगळं बोलून झाल्यावर थोरली मानाने उठली. "येते मी," म्हणाली आणि दाराशी गेली. तिथे थांबली.

जिना वरून वेगळाच दिसतो. शिवाय चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे गेला होता, आणि डाव्या हातात कठडा धरण्याची ताकद नव्हती. थोरलीने खाली बघितलं, मला बघितलं, पुन्हा आत गेली आणि खुर्चीत बसली.

"ऊन फार आहे," ती म्हणाली. "जरा बसते."

बाहेर आभाळ भरलेलं होतं. धाकटीने बाहेर बघितलं, जावेच्या थरथरणाऱ्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, चटके बसतील." आणि चहा ठेवायला गेली.

फिजिओबाई पाचला यायची होती. वाजला होता दीड. भांडण तर संपून गेलेलं. साडेतीन तास करायचं काय? थोरली म्हणते, मी गप्प बसून होते. धाकटी म्हणते, थोरली अकरा वर्षांचं साठलेलं बोलत होती आणि दवाखान्यात पहिल्या दिवशी किती भीती वाटली ते सांगताना रडलीसुद्धा. दोन हकिकती आहेत. इथे हसू कोणत्याच हकिकतीत नाही, म्हणून मी दोन्ही ठेवतो.

मधेच गृहस्थ परतले. रिकामी खुर्ची बघून त्यांनी पलंगाखाली वाकून बघितलं, न्हाणीघर बघितलं, कपड्यांची गाठोडीसुद्धा हलवून बघितली. मी वर बोट दाखवलं. ते दोन दोन पायऱ्या चढत वर गेले आणि म्हणाले, "चल, मी धरतो, आपण उतरू."

"नको!" दोघी एका आवाजात ओरडल्या.

पाचला फिजिओबाई आली. आधी ती भडकली. "पडला असता तर काय, कळतंय का काकू?" मग दम खाऊन विचारलं, "किती पायऱ्या?" चौदा, म्हटल्यावर ती दोन पायऱ्या खाली जाऊन मुद्दाम तोंड फिरवून उभी राहिली. हसत होती की काय कोण जाणे.

मग तिने उपाय सांगितला. उलटं उतरायचं. तोंड वरच्या दाराकडे, म्हणजे कठडा पुन्हा उजव्या हाताला येतो. दुबळा पाय आधी मागे खाली टाकायचा, मग चांगला. फिजिओबाई पट्टा धरून खाली, आणि धाकटी वर, समोरासमोर, पाऊल नीट टेकलं की नाही ते सांगायला.

त्यामुळे झालं असं, की चौदा पायऱ्या दोघी जावा एकमेकींच्या तोंडाकडे बघत उतरल्या. अकरा वर्षांत ज्यांनी कपडे, कुंड्या आणि बरण्यांकडे बघितलं होतं, त्यांना दुसरीकडे बघायची सोयच राहिली नाही.

"केस पिकले तुझे," चौथ्या पायरीवर थोरली म्हणाली.

"पायाकडे लक्ष द्या."

"पायाकडे तू बघतेयस ना? मग मी कुठे बघू?"

सातव्या पायरीवर भावजी अडकले. टाच टेकेना. थोरलीचा चेहरा पांढरा पडला. धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "घाई नाही ताई. बोटं आधी, मग टाच. टेकू दे." पाऊल टेकलं. खाली पोचायला अकरा मिनिटं लागली.

याला आता वर्ष होत आलं. डावा हात अजून दुबळाच आहे, आणि दमली की पाऊल घासतं. ती अर्धा दिवस दुकान चालवते. डाव्या बाजूला धाकटी उभी राहून कॉलर ताणून धरते आणि दोघी दिवसभर सरळ भांडतात. गृहस्थ म्हणतात, पूर्वी जरा डुलकी तरी लागायची.

मागच्या आठवड्यात फिजिओबाईने सांगितलं, आता रस्त्यावर चाला, कोपऱ्यापर्यंत. पहिल्याच दिवशी मी फाटकात उभा राहून बघत होतो. दम लागला हे थोरली मेली तरी कबूल करणार नाही. म्हणून आधी ती शिंप्याच्या दुकानाशी थांबली, काचेतल्या शिवणीला नावं ठेवायला. मग एका आडव्या लावलेल्या स्कूटरपाशी, तिच्या मालकाचे संस्कार काढायला. परत येताना ती माझ्या फाटकाशी थांबली. तिथे नावं ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.

"पाणी द्या हो," धाकटी म्हणाली. "यांना दम लागलाय."

"तुला लागलाय," थोरली म्हणाली.

मी दोघींना पाणी दिलं.