निरोप समारंभ बंद

अंबाजोगाईच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा आमच्याकडे वाढदिवसांपेक्षा निरोप समारंभ जास्त व्हायचे. नवी सिस्टर जरा रुळेपर्यंत जुनी राजीनामा देऊन मोकळी. समारंभाला समोसा, पेढा आणि 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे मोठ्या डॉक्टरांचं भाषण ठरलेलं. घरचीच माणसं असल्यामुळे आम्हाला सुट्टी मागायची सोय नव्हती.

सिस्टर टिकत का नाहीत, यावर डॉक्टरांनी बराच विचार केला आणि कारण शोधून काढलं: निरोप समारंभ. जाणारीचा हसरा चेहरा बघून उरलेल्यांची मनं चळतात म्हणे. समारंभ बंद झाले, समोसेही गेले.

त्यानंतर पहिली गेली ती बायकांच्या वॉर्डातली माझी मैत्रीण; मी शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात होते. अख्खा वॉर्ड एकटीनं ओढून तिची कंबर धरली होती. शेवटच्या दिवशी युनिफॉर्म उतरवून, साडी नेसून ती पेशंटांना भेटायला आली. केजकडच्या एका म्हातारीनं विचारलं, "कामून चाललीस माय?"

"कंबर लई दुखती, आजी."

"मग तुलाच आधी भरती करायचं की."

म्हातारी उठून बसली. लेकीकडून कुंकू मागून घेतलं, नारळानं माझ्या मैत्रिणीची ओटी भरली. बाकीच्या बायकाही जमल्या. कुणी केळी दिली, कुणी नुसतेच डोळे पुसले.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. तिच्या तोंडावर मास्क नाही, अंगावर साडी; त्यांनी तिला ओळखलंच नाही. पेशंट घरी निघालीय असं समजून म्हणाले, "महिनाभर आराम करा. जड उचलू नका. जेवण वेळेवर घ्या."

"बरं सर," ती म्हणाली.

बाहेर जिन्यात बसून ती आधी पोटभर हसली, मग रडली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तब्येतीचं बोलले गं." मी ओटीतलं एक केळं सोललं, अर्धं तिला दिलं, अर्धं मी खाल्लं.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "बायकांच्या वॉर्डातली सिस्टर कुठंय?"

"सकाळी तुम्हीच आराम सांगितला की सर."

त्यांनी तिच्या वॉर्डाची फाईल माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तूर्त दोन्ही वॉर्ड तुम्ही बघा."

तिनं खरंच महिनाभर आराम केला आणि नंतर केजला एका लहान दवाखान्यात लागली. कंबर बरी आहे म्हणते. माझं ते 'तूर्त' मात्र मी स्वतः राजीनामा देईपर्यंत चाललं.