बांधावरची घोडवेल

घोडवेल ही मुगाच्या भाऊबंदकीतली रानवेल. तिच्या शेंगांना कुणी विचारत नाही, पण जमिनीत भोपळ्याएवढा गोड कंद पोसते. आमच्या लोह्याकडच्या रानात ती नेमकी बांधावर उगवली. बांधाच्या अलीकडे आबा, पलीकडे काका, आणि दोघा सख्ख्या भावांचा तीन वर्षं अबोला. काकांचं म्हणणं, आबांनी बांध सरकवला आणि हद्दीचा दगड गाडला. आबांचं म्हणणं, दगड कधी नव्हताच.

मी लातूरहून माहेरी आले होते. लहानपणी हा कंद मला काकाच काढून द्यायचे. पानं झडलेली वेल दिसली, जीभ चाळवली आणि खुरपं-कुदळ आणून मी खणायला घेतलं. आमच्याकडे एक वेळ माणसाला हात लावलेला चालतो, बांधाला कुदळ लावलेली चालत नाही. हे मला आठवलं तोवर हातभर खड्डा झाला होता आणि काका धावत आले होते.

"सांग तुझ्या बापाला, आता पोरीला पुढं करून बांध कोरून राहिला का म्हणावं!"

आबाही पोचले. "सांग तुझ्या काकाला, कंद काढून राहिली ती."

दोघांत चार हातांचं अंतर, आणि मी मधे टपालवाली! असा संताप आला की कंद जिकडे गेला होता तिकडे, आमच्याच रानात, कुदळ हाणत सुटले. खण्ण आवाज आला. कंद निघाला, आणि त्याला खेटून बसलेला चुन्याचे डाग असलेला दगड. सध्याच्या बांधापासून चांगला दोन हात आमच्या बाजूला.

आबांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली, रागही आला.

"सांग तुझ्या काकाला..." ते पुटपुटले.

"मी न्हाई सांगत कुणाला काही. तुमचं तुमी बोला."

आबा खाली बसले. दगडावरची माती हातानं पुसली.

"बारक्या, दगड हितंच होता. मला ठावं होतं."

काका खाली वाकले. माझं खुरपं उचललं, कंद सोलला आणि पहिली फोड आबांपुढे धरली. "आधी तू खा, दादा."

मला तिथंच रडू फुटलं. आबांनी फोड चावली, रस गिळला आणि चोथा थुंकला. बांधाच्या कुठल्या बाजूला, ते कुणीच पाहिलं नाही.