विहीणबाईंची नजर

लेकीच्या सासूबाईंनी गोल्फला चला म्हटलं, म्हणून घड्याळजी गेले ते निव्वळ भिडेखातर. त्यांना जेमतेम चेंडू उडवता यायचा. विहीणबाई मात्र अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त नर्स, आणि त्या मैदानावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा चेंडू निघाला की घड्याळजी आ वासून बघत राहत. स्वतःचा वाकडा गेला रे गेला, की "मेलो!" म्हणत तोंड फिरवत.

नवव्या होलपर्यंत घड्याळजींचा चेंडू पाच वेळा झाडीत गेला. पाचही वेळा विहीणबाई तडक चालत गेल्या, स्टिकनं गवत बाजूला केलं आणि चेंडू दाखवला.

"तुम्हाला कळतं तरी कसं?" घड्याळजींना राहवेना.

"अहो व्याही, मी शेवटपर्यंत बघते. माझाही जातो की वाकडा! तुम्ही लाजून पाठ फिरवता, मग तो कुठे पडला ते कसं कळणार?"

घड्याळजींना आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवलं. तिथे चिमट्यातून तिळाएवढा स्क्रू उडाला, तर तो टेकेपर्यंत ते पापणी लवू देत नसत. चाळीस वर्षांत एकही हरवला नव्हता.

पुढचा फटका सगळ्यांत वाईट गेला. घड्याळजींनी चेंडूवरून नजर हटवली नाही. आपलाही चेंडू खाली येताना इतका देखणा दिसतो, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

"त्या दोन दगडांच्या डावीकडे," ते म्हणाले आणि विहीणबाईंच्या पुढे चालू लागले.