मुंग्या उतरेपर्यंत

घाणेरीच्या झुडपाला आधी नोटीस देऊन मग ते उपटणारा माणूस अख्ख्या जगात एकच असावा, आणि माझं नशीब असं की तोच माझा घरमालक निघाला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. आठवीत शाळा सोडून मी भंडाऱ्याहून इथं फौंड्रीत कामाला आलो, तेव्हा कसबा बावड्यातली खोली देताना त्यांनी एकच चौकशी केली, "सोमवारी सुट्टी असत्या न्हवं?" तेव्हापासून माझे सोमवार शाहूवाडीतल्या त्यांच्या टेकडीवर जातात.

ती टेकडी घाणेरीनं पार गिळली होती. लहानपणी अण्णांनी तिथं करवंदं खाल्लेली, भारंगीची भाजी खुडलेली. ते सगळं परत आणायचा त्यांचा हट्ट. पण अण्णा पक्के जैन. जमिनीखालचं काही घरात येत नाही. अण्णांच्या घरच्या काकू म्हणतात, "जल्मात गाजर उपटलं न्हाई, आन् आता म्हातारपणी मुळं काढत फिरत्यात!" यावर अण्णांचा तोडगा असा, की प्रत्येक झुडपावर काठीनं तीनदा हलकेच टकटक करायची आणि मुंग्या-किडे उतरेपर्यंत थांबायचं. मी कुदळ उचलली रे उचलली की ओरडायचे, "ओ पावणं! घर हाय त्यांचं. सामान तर आवरू द्या की!" एका झुडपात बुलबुलाचं घरटं निघालं, तर पिल्लं उडेपर्यंत त्याला अभय मिळालं, फक्त जाता-येता अण्णा त्याला दम देत, "तुझं बघतो नंतर."

पान चुरडून वास घ्यायचा, उग्र आला तरच उपटायचं, हा आमचा नियम. एका सोमवारी मला भयंकर सर्दी झालेली. दुपारपर्यंत मी एक अख्खी ओळ साफ केली आणि मोठ्या ऐटीत ढीग दाखवला. ती अण्णांनी दोन वर्षं जपलेली भारंगीची रोपं होती. खोली गेली, आता पेटी कुठं ठेवू, आईला काय सांगू, इथवर मी मनानं पोचलोही.

"अण्णा, खोली कधी सोडू?"

"खोली?" उकिडवं बसून एकेक रोप परत लावत ते म्हणाले, "आधी ह्यांची सोय बघा. पाणी आणा. आन् नाक चोंदलं तर तोंडानं इचारायचं की! तोंड हाय न्हवं?"

त्यातली पाच जगली.

यंदा गुडघ्यांमुळे अण्णांना चढवत नाही. ते पायथ्याच्या दगडावर बसतात, मी वर टकटक करतो. खालून हाक येते, "उतरल्या का मुंग्या?" मुंग्या केव्हाच गेलेल्या असतात. पण दिवसाचं शेवटचं झुडूप निघालं की घरी जायचं, आणि अण्णांची नजर तर अजून भारंगीच्या निळसर फुलांवर असते.

"न्हाय अजून, अण्णा," मी वरून ओरडतो. "सामान आवरत्यात."