फ्लेक्सवरचं कुंकू

बस नदीचा बांध सोडून हायवेला लागते आणि मयूरीचे डोळे मिटायला लागतात. पुढे प्राध्यापकबाई माईकवर लढाईचं काहीतरी सांगताहेत. मयूरीचं इटालियन मुळातच अर्धवट, त्यात दुपारचं पोटभर जेवण.

इटलीत बोलोन्याला शिकणारी ही पोरं शनिवार-रविवार जोडून जुन्या रणभूमी बघायला निघाली आहेत. बाकीच्यांची सहल आहे, मयूरीला मात्र काम आहे. तिचे पणजोबा रंगराव फाळके दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इथे आले आणि सेनियो नदीच्या काठी पडले. सकाळी स्मारकाच्या भिंतीवरचं त्यांचं नाव तिने बोटाने चाचपून पाहिलं. मग नदीकाठची मूठभर माती जॅमच्या रिकाम्या बरणीत भरली. ही माती साताऱ्याकडे, गावी जायची आहे. तिथे संपतकाका पणजोबांच्या नावाची कमान बांधताहेत, तिच्या उद्घाटनाला या मातीच्या कलशाची पूजा आहे.

काका मनाने वाईट नाहीत, पण कार्यक्रम म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. मघाशीच त्यांनी फ्लेक्सचं डिझाइन पाठवलंय. एका बाजूला बंदूक घेतलेला कुठलातरी जवान, कारण पणजोबांचा फोटोच नाही. दुसऱ्या बाजूला पणजी हौसाबाई, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘वीरपत्नी’. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून मयूरीने फोटो मोठा करून पाहिला. कपाळ पांढरं होतं.

‘विधवा बाईला कुंकू बरं दिसत नाही, मोठे पाहुणे येणार आहेत. कॉम्प्युटरवर पुसून घेतलं,’ काकांनी लिहिलं होतं. ‘चालेल ना? संध्याकाळी छापायला देतो.’

हौसाबाई नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटच्या दिवसापर्यंत कुंकू लावत राहिली. नवरा गेल्याची तार आल्यावरसुद्धा. घरातले म्हणायचे, बिचारीला वेडी आशा होती. इतक्या लांबून कुठे वाद घालत बसायचं, म्हणून मयूरीने अंगठ्याचं चिन्ह पाठवून दिलं आणि खिडकीला डोकं टेकलं.

“सरक जरा,” कुणीतरी म्हणतं.

थोरलीआई शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसली आहे, बोटाने मिश्री लावत. पणजीला घरात सगळे थोरलीआईच म्हणायचे.

“थोरलीआई, तू इथे कशी?”

“का? तुजा पणजा यिऊ शकतो, म्या न्हाई?”

“अगं, पण व्हिसा...” मयूरीच्या जिवाला स्वप्नातही तोच घोर.

“मालकास्नी कुनी इचारला व्हता?”

मयूरीला हसू येतं. खिडकीबाहेर बांध धावतोय आणि त्या दोघी त्याच बांधावरून चालताहेत. गुडघ्याएवढं गवत आहे. बांध संपतो तिथे गावची चावडी आहे. मास्तर तार हातात धरून उभे आहेत, बायका जमल्या आहेत, एकीच्या हातात ओलं फडकं आहे. थोरलीआई आता विशीची आहे, मयूरीपेक्षाही लहान, कडेवर पोर.

“पुसायला आल्या व्हत्या,” ती सांगते. “म्या म्हनलं, हात लावून बगा.”

“तुला वाटत होतं ना, ते परत येतील?”

थोरलीआई तिच्याकडे बघते. आधी चकित होऊन, मग चक्क चिडून.

“कोन म्हनलं? तार वाचायच्या आदीच मला कळलं व्हतं. मास्तरांचं तोंड बगितलं न् कळलं. ग्येलं त्ये. म्या कशापायी मरू?”

मयूरीला लाज वाटते. सगळ्या घराने या बाईची जन्मभर कीव केली, आणि हिला तर कुणाचीच कीव नको होती.

चावडी उरलेली नाही. स्मारकातल्या थडग्यांच्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत आणि दोन दोन दगडांच्या मधे एकेक बाई बसली आहे. थोरलीआई करंडा घेऊन वाकून वाकून कुंकू लावते आहे.

“मला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं समद्यांनी. मग म्या माजंच घातलं. गावातल्या साऱ्या रांडमुंड्यास्नी बोलीवलं. पयल्या वर्साला कुनी आलं न्हाई. समदा तीळगूळ म्या न् तुज्या आज्यानं खाल्ला. दुसऱ्या वर्साला तिगी आल्या. रडत आल्या, पर आल्या.”

“हे बघ,” मयूरी तिला भिंतीपाशी नेते. “त्यांचं नाव.”

थोरलीआईला वाचता येत नाही. ती अक्षरांवर तळवा ठेवते आणि बराच वेळ काढत नाही.

“लई याद यायची गं,” ती म्हणते. “रोज यायची. कुकू लावताना तर यायचीच. दुसऱ्या कुनासाटी न्हवतं ते.”

तिच्या तळव्याखालची भिंत कोमट आहे, उजळ आहे. तो कॉम्प्युटरचा पडदा आहे. गावातलं झेरॉक्सचं दुकान, शाईचा वास. पडद्यावर फोटो आहे, आणि माऊस पुढेमागे सरकतोय तसं कपाळावरचं कुंकू कडेकडेने पुसलं जातंय. शेजारी उभ्या थोरलीआईचंही फिकं पडतंय.

“थांबव त्याला!” मयूरी ओरडते.

“कुनाला थांबवू? हात बग की कुनाचा हाय.”

माऊसवर मयूरीचाच हात आहे.

“मला काढता येत नाहीये, थोरलीआई!”

“येत न्हाई, का काडायचाच न्हाई?”

थोरलीआई तिचं मनगट पकडते. कोपरापर्यंत भरलेला हिरवा चुडा मयूरीच्या कातडीत रुततो. म्हातारीचा जोर असा की डोळ्यांत पाणी येतं.

बस टोलनाक्यावर थांबली आहे. प्राध्यापकबाई अजून बोलताहेतच. मयूरीचं मनगट चुरचुरतंय. त्यावर शेजारी शेजारी लाल कमानी उमटल्या आहेत, बांगड्यांच्याच. मयूरीने आयुष्यात कधी बांगडी घातलेली नाही. ती विचार करत बसत नाही, फोन लावते.

“बोल गं! माती मिळाली?” काका खुशीत आहेत.

“मिळाली. फ्लेक्स छापू नका. थोरलीआईचं कुंकू परत लावा.”

“आता गं? मघाशी तर अंगठा पाठवलास! आणि खाली वीरपत्नी लिहिलंय, लोक नावं ठेवतील.”

“तिला जन्मभर नावंच ठेवली. पुसलं का तिने?”

“ती भोळी होती गं. तिला वाटायचं, आजोबा...”

“काही भोळी नव्हती! तिला सगळं माहीत होतं.” मयूरीचा आवाज चढतो. अख्खी बस मागे वळून बघते, प्राध्यापकबाईंचं वाक्य तसंच राहतं. “काका, कुंकू नसेल तर माती येणार नाही. उद्या परत जाऊन नदीकाठी ओतून येईन. मग बसा रिकाम्या कलशाची पूजा करत.”

पलीकडे झेरॉक्स मशीनच्या आवाजात काका कुणालातरी ‘थांब रे जरा’ म्हणतात. मग मयूरीला विचारतात,

“किती मोठं लावायचं?”

मयूरी मनगटावरचे वळ चोळते.

“चांगलं रुपयाएवढं.”